पाचाचं वजन

४ जानेवारी

काटा तयार! मनगटाएवढा पोलादी दांडा, अंगावर चिकटवलेल्या, ताण मोजणाऱ्या बारीक पट्ट्या. यावर विमानाचं छोटं मॉडेल बसवायचं, बोगद्यात वारं सोडायचं — वारं त्याला किती उचलतं, किती मागं ओढतं, ते हा सांगणार. आमचे फिटर आकाराममामा म्हणाले, "पद्माताई, साखर कारखान्याच्या काट्यागत वजन मारनारा न्हाय न्हवं ह्यो?" सगळे हसले. मला मात्र राग आला.

९ जानेवारी

आमची प्रमाणित वजनं तपासणीला गेलीत ती पुण्यातच अडकलीत. वजनं टांगल्याशिवाय काट्याला किलो शिकवायचा कसा? विमानवाल्यांची घाई. शेवटी कागलला जाऊन वडिलांच्या, दादांच्या, बंद दुकानातली वजनं आणली. फळीवर दोन संच होते, हाताला लागला तो उचलला. दादा झोपले होते, उठवलं नाही. चाळीस वर्षं शेतकऱ्यांकडून गूळ घेतला, गिऱ्हाइकांना विकला त्यांनी. "दादांचं माप म्हणजे देवाचं माप" — अख्खं गाव म्हणतं.

१० जानेवारी

एकेक वजन टांगलं, आलेख काढला. रेघ सरळसोट!!

२ फेब्रुवारी

बोगद्यातले आकडे आले. उचल हिशेबापेक्षा जास्त. यशराजचा फोन — विमान तोच उडवणार. "ताई, एवढी उचल हाय तर मागं अजून एक टाकी बसवतोय की!" म्हटलं, बसवा. वजनं कुठली ते बोलले नाही. विसरले नव्हते. लाज वाटली, दुसरं काय!

१९ मार्च

यशराज गेला. धावपट्टी संपत आली तरी विमान उचलेना. कसंबसं उठलं आणि कुंपणापलीकडे आपटलं. एकोणतीस वर्षांचा होता.

२० मार्च

कामावर गेले नाही.

२३ मार्च

प्रमाणित वजनं फेब्रुवारीतच परत आली होती. कपाटात पडून. पुन्हा ताडून बघायचं मीच टाळलं — रेघ सरळ होती ना!

आज दादांचं पाचाचं वजन त्यांच्याशी लावलं. पावणेपाच भरलं. दहाचं साडेनऊ. सगळी सारख्याच प्रमाणात हलकी, म्हणून तर रेघ सरळ. पावणेपाच टांगून मी काट्याला पाच शिकवलं. मग तो प्रत्येक उचल फुगवूनच सांगणार. आणि त्या फुगीर उचलीवर टाकी चढली.

वजनं उलटी केली. तळाचं शिसं कोरून काढलेलं. कुणी? दुकानातल्या एखाद्या नोकरानंच. दादांना कळलं तर जीव जाईल त्यांचा. पण सांगायला हवं.

२४ मार्च

कागल. दादा ओट्यावर बसले होते. म्हटलं, दादा, जानेवारीत मी दुकानातली वजनं नेली होती.

"कंची न्हेलीस? घ्यायची का द्यायची?"