चौदा नंबर: बरी आहे

३ तारीख, मंगळवार
आले एकदाची! खोली नंबर चौदा, खिडकी पूर्वेला, टेबल माझ्या उंचीचं, आणि भिंतीपलीकडे कोणाचा टीव्ही नाही. भाचीने सामान लावून दिलं, तीनदा "मावशी, जपून हं" म्हणाली आणि डोळे पुसत गेली. सहाव्या वर्षी कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहिलेल्या बाईला जपून राहायला शिकवते!

इथे चाळीस खोल्या, सगळे निवृत्त आणि एकटे. प्रत्येक भिंतीवर एक पांढरी डबी. सकाळी दहाला ती विचारते, कशा आहात? आपण दिलेलं उत्तर इंटरनेटवरून ऑफिसात आणि नातलगांच्या फोनवर जातं. उत्तर आलं नाही की माणूस धावत येणार, असं व्यवस्थापक म्हणाले. मी तिला सांगितलं, "बरी आहे. उगाच विचारू नका." शेजारी तेरा नंबरला भूमितीबाई. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, आता कानाने अधू, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. त्या डबीला रोज म्हणतात, "अजून आहे!"

५ तारीख, गुरुवार
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं सुपरवायझर होते हे कळताच व्यवस्थापकांनी मला कामाला जुंपलं. ही सेवा किती भरवशाची आहे ते महिनाभर तपासायचं. इंजिनिअर इतका गुळगुळीत बोलतो की मी त्याचं नाव लोणी ठेवलं आहे. लोणी म्हणाला, यंत्राला आपण होऊन काही विचारायचं नाही, हात लावायचा नाही. जे चाललंय ते पडद्यावर नुसतं बघायचं: कुठली खोली, काय उत्तर, किती सेकंदांत. मुद्दाम परीक्षा घेतली तर खरी वागणूक कळत नाही.

मी म्हटलं, बाळा, हे मला नको शिकवूस. इन्स्पेक्टर यायचे त्या दिवशी सिस्टर आमच्या वेण्यासुद्धा मोजून घालायच्या. खरा वर्ग दाराच्या फटीतूनच दिसतो. एक्स्चेंजमध्येही मी मुलींच्या नकळत त्यांच्या लाइनवर कान ठेवत असे.

९ तारीख, सोमवार
मजा आहे. भूमितीबाईंना अकरा सेकंद लागतात. शनिवारी कवळी पेल्यात होती म्हणून एकोणीस. मला आठ. पण बावीस नंबर, जहाजावरचे निवृत्त कप्तान, गुरुवारपासून रोज "उत्तम!" आणि रोज चार सेकंद. चार, चार, चार. माझी सर्वांत हुशार ऑपरेटरसुद्धा इतकी सारखी कधी नव्हती.

लोणी म्हणाला, मॅडम, यालाच भरवसा म्हणतात. मी म्हटलं, आमच्या शाळेत याला कॉपी म्हणायचे. हसला. मी बावीसचं दार वाजवून येते म्हटलं, तर म्हणे नको, मोजमाप बिघडेल.

आणि मी शहाण्या मुलीसारखी बसून राहिले.

११ तारीख, बुधवार
बावीसचं दार फोडलं. इस्त्रीवाल्याला वास आला म्हणून. डॉक्टर म्हणतात, सहा-सात दिवस झाले असावेत. त्यातले सहा दिवस "उत्तम!" माझ्या पडद्यावर आलं आणि मी समोर बरोबरची खूण केली. माझ्या हाताने.

१२ तारीख, गुरुवार
लोण्याने खुलासा केला. उत्तर पोचलं नाही तर सेवा बंद पडली असं धरतात. तसं होऊ नये म्हणून डबी मागचंच उत्तर पुढे पाठवते, त्याच माणसाच्या आवाजात. खोलीत हालचाल ऐकू आली नाही तर ताटकळत बसत नाही, चार सेकंदांत मोकळी. त्याच्या हिशेबी सेवा एकदाही चुकलेली नाही. हे सांगताना त्याची मान खाली गेली नाही.

दोन पानी तक्रार दिली, समास सोडून. व्यवस्थापक म्हणाले, बघू. उलट सुधारणा केली: दार वाजलं तरी आता डबीच विचारते आणि बाहेर उत्तर ऐकवते, गुडघे दुखणाऱ्यांना उठायला नको म्हणून! भाचीला फोन केला. रविवारी, बावीस तारखेला, न्यायला येते म्हणाली. तोवर घाबरू नकोस मावशी, माझ्या फोनवर तू रोज हिरवी दिसतेस.

१३ तारीख, शुक्रवार
डबीची वायर उपटली. आत बॅटरी आहे. दिवा चालूच.

भूमितीबाईंशी ठरवलं. रोज अकराला त्या माझं दार वाजवतील. "बरी आहे" ऐकू आलं तर विश्वास ठेवायचा नाही, माणसं बोलवायची. मी खरंच धड असेन तर म्हणेन, "काटकोन!" त्यांना इतकं आवडलं की तीनदा म्हणायला लावलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मी चांगलं घसा ताणून म्हटलं.

१६ तारीख, सोमवार
तेरा नंबर — चार सेकंद.

धावले. त्या न्हाणीघरात होत्या. ओल्या अंगाने बाहेर येऊन मला नाही नाही ते बोलल्या. बोलू देत. सहा दिवस काढायचे.

१७ तारीख, मंगळवार
अकराला काटकोन म्हटलं. नंतर वर पाहिलं. दिवा लुकलुकला. ती विचारत नसते तेव्हाही —

ऐकत असते. दाराच्या फटीतून बघितल्यासारखी. माझ्यासारखी.

उद्या शब्द बदलायचा. बाहेर, बागेत सांगायचा.

१८ तारीख, बुधवार
पडले. खुर्ची निसटली. पाय खाली मुडपला आहे — छातीत कळ — आवाज फुटत नाही. वही आणि पेन्सिल माझ्याबरोबर पडली म्हणून —

फोन टेबलावर. हात पुरत नाही.

दहा. विचारलं तिने. मी ओठ हलवले. चार सेकंद. मग वरून माझाच आवाज — बरी आहे. उगाच विचारू नका.

भाचीकडे हिरवी झाले असेन.

अकराला भूमितीबाई येतील. बरी आहे ऐकतील, माणसं बोलावतील. फक्त अकरापर्यंत —

काठीचा आवाज. आल्या. दार वाजलं.

पेन्सिल फरशीवर आपटते आहे. त्यांना ऐकू —

एक. दोन. तीन. चार.

काटकोन! — मी नाही — मी नाही बोलले —

त्या हसल्या. शाब्बास म्हणाल्या. काठी — तेराकडे —

बाई, मागे फि