पाच पळ्या

किन्हवली,
शुक्रवार

प्रिय सुनिल,

नाव घेऊन हाक मारली म्हणून दचकू नकोस. अकरा वर्षं तुझ्या घरात नांदले, उखाण्याशिवाय तुझं नाव कधी तोंडातून काढलं नाही. नुसतं 'अवो' आणि 'ऐकता का'. गेल्या दिवाळीनंतर तू मला ट्रंकेसकट माहेरच्या दारात आणून सोडलंस, तेव्हा ते 'अवो' तुमच्या ओटीवरच राहिलं. आता तू फक्त सुनिल. आणि 'प्रिय' हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलंय, लगेच हुरळून जाऊ नकोस.

तुझा व्हॉइस मेसेज मिळाला. इतक्या महिन्यांत पहिला. 'कशी आहेस' नाय. 'तुझे आबा गेल्याचं ऐकलं' नाय. सरळ होडीच्या इंजिनचा आवाज, आणि मागून तू: मशीन फडफडतंय गो, धूर मारतंय, मधेच दम सोडतंय, काय करू सांग. मी तो मेसेज चार वेळा ऐकला, तुझ्यासाठी नव्हे, मशीनसाठी. चौथ्यांदा ऐकताना मागे कुणी बाई खोकताना ऐकू आली, आणि तू तिच्यावर खेकसलास, आठवा लागलाय, धुरात कशाला उभी राहतेस. म्हणजे सारिका, तुझी नवी बायको. अभिनंदन. आठव्या महिन्यातली बाई, घर धरणाच्या पलीकडे. जीपने वळसा घालून शेणव्याकडून दवाखान्यात यायचं तर अडीच तास, तेही जीप मिळाली तर. पाण्यावरून पंचवीस मिनिटं. तिच्या कळा सुरू झाल्या की तुझ्या हाताशी एवढं एकच मशीन आहे, आणि ते माझ्या आबांचं आहे. म्हणून उत्तर देतेय. उलट मेसेज न टाकता पत्र का लिहिलं, ते शेवटी सांगते.

मशीन आबांचं, हे तू गावात कधी सांगितलं नसशील. भंगारातून आणलेलं दोन सिलेंडरचं ते धूड आबांनी घासून-पुसून उभं केलं आणि लग्नात तुला दिलं, जावई होडी चालवील म्हणून. जावई होडी चालवायचा खरा. पण सकाळी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, प्लग पुसायचा, दोरीच्या कितव्या ओढीला मशीन पकडेल हे आवाजावरून ओळखायचं, ते सगळं मी करायचे. तू धक्क्यावर यायचास, दोरी ओढायचास, आणि बघणारे म्हणायचे, सुनिलचा हात लागला की मशीन बोलतं! मीही हसायचे. आता मी इथे शेखरदादाच्या पडवीत दुकान टाकलंय, फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशिनं दुरुस्त करते. पार म्हसा गावापासून लोक येतात. कुणी विचारत नाही की बाई कशी काय.

तर आता तुझं घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. तू म्हणतोस तीन वेळा प्लग बदलले, कार्बोरेटर साफ करून आणला, पेट्रोलची नळी नवी टाकली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आधी दोन्हींतला कुठला सिलेंडर झोपलाय ते तरी बघितलंस का? मशीन हळू चालू ठेव, लाकडी चिमट्याने एका प्लगची टोपी काढ. आवाज पडला तर तो सिलेंडर काम करत होता. मग दुसऱ्याची काढ. काढूनही आवाजात काही फरक पडला नाही, तर तो नुसता बसून फुकटचा फिरत होता. घरातही ही परीक्षा करता येते. मला काढलंस, आता आवाज ऐक. प्लग काढलास तर काळा, ओला, तेलकट निघेल. निघाला ना? नवा घातलास तरी आठवड्यात तसाच होईल, दहा घातलेस तरी होईल. कारण दुखणं प्लगमध्ये नाहीच.

मेसेजमध्ये तू मोठ्या तोऱ्यात म्हणालास, ऑइलचं काही चुकत नाय, तू टाकायचीस तशाच दहा लिटरच्या कॅनला घरची मोजून पाच पळ्या टाकते. सुनिल, मी इतकी हसले की दादा बाहेर आला. अरे येड्या, कुठली पळी? मी टाकायचे ती पितळी पळी आबांनी म्हशाच्या जत्रेत घेतली होती, दांडा वाकलेली, चाळीस मिलीची. त्या पाच पळ्या. ती माझ्या ट्रंकेत माझ्याबरोबर आली. सारिका बिचारी काय करणार, तिने घरातली आमटीची पळी उचलली. ती जवळजवळ दुप्पट. दहा महिने तू मशीनला तेल पाजतोयस, काजळी साचून साचून ते गुदमरलंय, आणि दोष प्लगला! अकरा वर्षं रोज सकाळी ती पळी तुझ्या डोळ्यांसमोर होती. तुला आकडा आठवला, पळी नाही आठवली. माझ्याबद्दलही तुला एवढंच माहीत होतं.

उपाय सोपा आहे. कॅनमधलं सगळं ओतून टाक. दहा लिटरला दोनशे मिली ऑइल, औषधाच्या मापाने मोजून. आधी ऑइल, वर पेट्रोल, झाकण लावून कॅन हलवायचा. नवे प्लग घालून होडी पाण्यात अर्धा तास जोरात पळव, काजळी झडेल. पहिली दहा मिनिटं घाण धूर येईल, घाबरू नकोस. घाबरण्याची तुला सवय आहे म्हणून सांगितलं.

आता दुसरी गोष्ट, जी तू विचारली नाहीस. कॅनच्या टोपणावर वाऱ्याचा छोटा स्क्रू असतो. निघताना तो अर्धा आटा फिरवून सैल सोडायचा, नाहीतर कॅनमध्ये हवा शिरत नाही, पेट्रोल ओढलं जात नाही, आणि बरोबर मधल्या पाण्यात मशीन बंद पडतं. हे तुला मी सांगितलंय. चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी. साडेसात महिने झाले होते मला. मी होडीच्या तळाला आडवी होते, तुझा भाऊ अनंता उशाशी, आणखी दोघे पुढे. मशीन थांबलं. मला पडल्या-पडल्या पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दिसत होता, चपटा, आत ओढलेला. मी म्हणाले, अवो, टोपणाचा वारा सोडा. अनंता हसला. म्हणाला, पोटात कळा येतायत आणि ही मशीन शिकवतेय. बाकीचे हसले, म्हणून तूही हसलास. मी पाच वेळा सांगितलं. तू माझ्याकडे पाठ करून दोरी ओढत राहिलास, हाताला फोड येईपर्यंत, आणि मग वल्ही मारलीत, सव्वा तास. शहापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पोरगी पोटातच गेलेली होती. तिचे केस काळे, दाट होते, तुझ्यासारखे. आठव्या दिवशी मी धक्क्यावर जाऊन बघितलं. स्क्रू तसाच बंद होता. मी तो अर्धा आटा फिरवला आणि घरी येऊन भाकरी केल्या. तुला एक शब्द बोलले नाही, कारण तू रडत होतास आणि मला तुझी दया आली. आयुष्यात एवढी एक गोष्ट मी मूर्खासारखी केली.

कारण मग तू काय केलंस? सारिकाच्या माहेरी बोलणी करायला गेलास, तेव्हा ओटीवर बसून सांगितलंस, पहिलीला कधी दिवसच गेले नाहीत, वांझ आहे. तुमच्या शेजारची ठमी तिथे होती, तिनेच मला सांगितलं. माझ्या पोरीला तू दोनदा मारलंस, सुनिल. पहिल्यांदा तुला कळत नव्हतं.

आता पत्र का, ते. मेसेज तू एकटा कानाला लावून ऐकला असतास आणि पुसून टाकला असतास. पत्र तुला वाचता येत नाही, सही कशीबशी येते. कुणाकडून तरी वाचून घ्यावंच लागणार, मशीन अडलंय ना. घरात बारावी झालेली एकच आहे. म्हणजे सारिका, हे सगळं तू मोठ्याने वाचत आलीस, आणि तो समोर बसलाय, आणि त्याची आई दारात ऐकतेय. आठव्या महिन्यात हे तुझ्याच तोंडून वदवलं, दुष्टपणा आहे, मला माहीत आहे. पण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तुला खरं वाटलं नसतं. आता त्याच्या तोंडाकडे बघ, म्हणजे वाटेल. पळी मी पाठवणार नाही, ती माझी आहे. चाळीस मिली, पाच वेळा, तू स्वतः मोज. जमलं तर नववा लागायच्या आत इकडे ये, ठमीबरोबर निरोप दे, दादा जीप घेऊन येईल. नाही जमलं आणि होडीतच बसावं लागलं, तर निघायच्या आधी टोपणाचा स्क्रू स्वतःच्या हाताने सोड. आणि तरीही मधल्या पाण्यात मशीन थांबलं, तर त्याला काही सांगत बसू नकोस. मी सांगत बसले. तू ऊठ, त्याला बाजूला सार, आणि कॅनपर्यंत रांगत जा.

त्याची कुणीच नाही, पण तुझीच,
बाईजा