सात गावांच्या घंटा

मोन्तेल्वा, १४ मे १९५२

प्रिय तुल्यो,

सकाळपासून चार वेळा खड्ड्यापाशी जाऊन आले. माती अजून चटका देते. आत वरच्या गावच्या चर्चसाठी काल ओतलेली घंटा निवते आहे, आणि परवापर्यंत ती उकरायची नाही. नीट उतरली की तडकली, तोवर कळायचं नाही. घरात बसवत नाही, म्हणून ओतशाळेच्या उंबऱ्यावर बसून लिहिते आहे.

बाबा मार्चमध्ये गेल्याचं फादरनी तुला कळवलंच. घंटेचं काम त्यांनीच घेतलं होतं, साचाही निम्मा त्यांच्या हातचा. काल ओतलं ते मी. पणजोबांपासून या घरातल्या एकाही बाईने भट्टीचं तोंड उघडलेलं नव्हतं. बाबांचा म्हातारा मदतनीस साबिनो पुटपुटला, "पोरी, हे बाईचं काम नाही." मी म्हटलं, "मग तू डोळे मिट आणि प्रार्थना म्हण." त्याने खरंच मिटले.

त्रेचाळीस साली जर्मन सैनिकांनी तोफांसाठी घंटा मागितल्या, तेव्हा बाबांनी सात गावांच्या घंटा स्वतः उतरवल्या आणि आपल्याच अंगणात घणाने फोडल्या. त्यातल्या चार आजोबांनी ओतलेल्या. तू तोंडावर म्हणालास, "तीन पिढ्यांनी घडवलेलं तुम्ही एका आठवड्यात मोडलंत." ते गप्प राहिले. लढाई संपली तशी तू अर्जेंटिना गाठलीस आणि त्यांना एक ओळ लिहिली नाहीस.

ते गप्प का राहिले, ते ऐक. जर्मनीला मजुरीसाठी न्यायच्या पोरांच्या यादीत तुझं नाव तिसरं होतं. अधिकारी बाबांना म्हणाला, "घंटा तू उतरवून दे, पोरगा तुझ्याकडे राहील." मी दाराआड होते. नंतर बाबांनी मला बजावलं, "त्याला सांगू नकोस. जन्मभर ओझं वाहील."

नाताळात अंथरुणाला खिळल्यावर मात्र ते म्हणाले, "एर्सिल्या, आता लिही त्याला. सगळं लिही, आणि ये म्हणावं." दोन दिवसांनी विचारलं, तेव्हा मी लिहिलं म्हणून सांगितलं. लिहिलं नव्हतं, तुल्यो. तू आलास की ओतशाळा तुझी होणार आणि मी परत चुलीपाशी जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोस्टमनची सायकल वाजली की ते मान वळवायचे. "आलं का काही?" मी म्हणायचे, "जहाजाचं टपाल, बाबा, वेळ लागतो." फेब्रुवारीत त्यांनी विचारणं सोडलं. तू माफ केलं नाहीस, असंच समजून ते गेले. ओतशाळेचं काय करायचं, ते आता तू ठरव. मी हरकत घेणार नाही. हे पत्र त्यांनी सांगितलं होतं तेच आहे. पाच महिने उशिरा लिहिलं.

अजून स्वतःला तुझी बहीण म्हणवणारी,
एर्सिल्या