अंगणातला घोळ

बसवनगुडी, बेंगळुरू
रविवार (भाकरीवाचून)

तीर्थस्वरूप आप्पाजीअण्णांच्या चरणी पुरुषोत्तमाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात उभ्यानंच घातला आहे, राहिलेली अंगं पोचली असं समजून घ्यावं.) आपला गुडघा, अंबूवहिनींचा खोकला आणि परसातली म्हैस यांचं बरं चाललं असेल अशी आशा आहे. आपली धाकटी बहीण, म्हणजे आमची मंडळी, निपाणीला सुखरूप पोचली असेलच. तिची प्रकृती विचारत नाही, कारण रागावल्यावर तिला भूक चांगली लागते असा माझा जुना अनुभव आहे. इकडे मी अत्यंत मजेत आहे. सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड आणि रात्री बदल म्हणून तोच ब्रेड भाजून. घरात इतकी शांतता आहे की फ्रिज घुरघुरला तरी सोबत वाटते.

धनलक्ष्मीनं आपल्याला सगळं सांगितलं असेल, पण ती तिची बाजू झाली. आता खरं काय झालं ते ऐका. आमच्या घरापुढं सतरंजीएवढं अंगण आहे, ते आपण पाहिलं आहे (आपण त्याला चपला काढायची जागा म्हणाला होता, ते मी विसरलेलो नाही). तिथं मी मोठ्या हौसेनं विलायती हिरवळ लावली होती. ती माझ्यापेक्षा जास्त पाणी प्यायची. मग उन्हाळ्यात बोअर आटली, टँकरवाला मंत्र्यासारखा वेळ देऊ लागला, आणि पिण्याचं पाणी बागेला घालू नका असा हुकूम निघाला. हिरवळ शहाणी, तिनं हुकुमाची वाट न बघताच मान टाकली. नेमकी तेव्हाच आमच्या रहिवासी समितीनं 'कमी पाण्याचं अंगण' अशी स्पर्धा जाहीर केली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जन्म गेला, पण मला कधी साधं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं नाही. म्हटलं, आता झाडांकडून तरी मिळतंय का बघू.

आमच्या गल्लीत अभिजीत नावाचा पुण्याचा एक तरुण राहतो. कॉम्प्युटरची नोकरी सोडून तो मातीची सेवा करतो (बायकोनं नोकरी सोडलेली नाही, म्हणून सेवा चालू आहे). तो म्हणाला, "काका, लॉन इज सो आउटडेटेड! तुम्ही नेटिव्ह ग्राउंड कव्हर लावा. ड्रॉट टॉलरंट, झिरो मेंटेनन्स." यातलं 'काका' एवढंच मला नीट कळलं, पण मी मान डोलावली. त्यानं पिशव्यांतून रोपं आणून दिली आणि नाव सांगितलं, पोर्टुलाका ओलेरेशिया. ते पाठ करायला मला विष्णुसहस्रनामापेक्षा जास्त वेळ लागला. रोपं लावून मी उभा राहतो न राहतो तोच धनलक्ष्मी बाहेर आली, कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर घोळ! आमच्याकडं बांधावर म्हशी पण तुडवतात." मी तिला शांतपणे (खिडक्या लावून घेऊन) समजावलं की ही भाजी नसून जमिनीचं आच्छादन आहे, आणि इथून पुढं या घरात तिला पूर्ण नावानंच हाक मारायची. घोळ हा शब्दच मी बंद करून टाकला. तेव्हापासून ती तिला 'तुमची पोर्टुबाई' म्हणू लागली.

पण अण्णा, खरं सांगतो, पोर्टुबाईनं माझा मान राखला. जाड जाड पानं, तांबूस देठ, सकाळच्या उन्हात पिवळी फुलं. भाजी धुतलेलं पाणी अधूनमधून शिंपडलं की बस्स. बघता बघता सगळं अंगण झाकून गेलं. संध्याकाळी मी खुर्ची टाकून जाणाऱ्यायेणाऱ्यांना लॅटिनमधून माहिती देत असे. लोक हल्ली पलीकडच्या फुटपाथवरून जातात ते याच कारणानं, असं धनलक्ष्मीचं मत आहे.

परीक्षणाच्या दिवशी समितीचे अध्यक्ष नागराज आणि परीक्षक सुप्रीता मॅडम यांना आणायला मी गांधी बाजारात गेलो होतो. निघताना आठवलं की अंगणात फुटकी बादली, पाइपाचं भेंडोळं आणि खताची रिकामी पोती तशीच पडली आहेत. म्हणून घरी फोन करून सांगितलं, "समिती निघाली. अंगणातला घोळ आधी काढ." एवढंच. मराठीत याचा अर्थ काय होतो ते आपण जाणताच. आम्ही पोचलो तर बादली जागच्या जागी, पाइप जागच्या जागी, पोती जागच्या जागी, आणि अंगण मात्र नुकती मुंज झाल्यासारखं सफाचट. आतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. मी 'अंगणातला' म्हणालो होतो, 'अंगणातली' नव्हे. तिचं म्हणणं, बाजाराच्या गोंगाटात 'ला' काय आणि 'ली' काय, सारखंच ऐकू येतं. संसार व्याकरणावर उभा असतो हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तिथं माझा तोल गेला आणि पाहुण्यांदेखत मी म्हणालो, "हिला बागेतलं काय कळतंय!" पाहुण्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते पाटावर बसले होते. तूरडाळ घातलेली घोळीची भाजी आणि गरम भाकरी. नागराज "अक्का, इन्नू स्वल्प पल्या" म्हणत आणखी थोड्या भाजीसाठी ताट पुढं करत होते, सुप्रीता मॅडम भाजी कशी केली ते विचारत होत्या, आणि अभिजीत (याला कुणी बोलावलं होतं?) बोटं चाटत पोर्टुलाकाचे गुण सांगत होता. पहिलं बक्षीस समोरच्या डॉक्टरांना मिळालं. त्यांनी अंगणात प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली आहे, तिला पाणी अजिबात लागत नाही. धनलक्ष्मीनं शांतपणे भांडी घासली, पिशवी भरली आणि निपाणीची गाडी पकडली. जाताना एवढंच म्हणाली की तुम्ही ते वाक्य मागं घ्याल तेव्हा बघू.

ते वाक्य मी मागं घेतलेलं नाही. (जरा बाजूला सरकवून ठेवलं आहे.) पंचाईत अशी की आता समितीनं अक्कांचं रानभाज्यांवर भाषण ठेवलं आहे आणि दारात रोज कुणीतरी येऊन अक्का कुठं म्हणून विचारतं. मी त्यांना सांगतो की माहेरी आंबे खायला गेली आहे. आंब्यांचे दिवस संपले हे त्यांनाही माहीत आहे. तरी आपण वडीलकीच्या नात्यानं तिला फक्त एक विचारावं, की फोनवर नक्की 'ला' ऐकू आलं की 'ली'. न्याय झाला पाहिजे, बाकी मला काही नको.

वहिनींना नमस्कार, म्हशीला आशीर्वाद.

आपला,
पुरुषोत्तम

ता. क. 'ला' आणि 'ली'चा निकाल सावकाश लावला तरी चालेल. लावलाच नाही तरी चालेल.

ता. क. आणखी एक. काल अंगणात पाहिलं तर सगळीकडं कोवळे फुटवे. तिनं घोळ उपटली नव्हती, बुंधे राखून नीट कापली होती. मी घाईत नुसतं रिकामं अंगण पाहिलं. मूठभर खुडून भाजी करून बघितली, पण माती करकर दातांखाली आली. हिला बागेतलं बरंच कळतं, असं आता दिसतंय.

ता. क. शेवटचं. तिला सांगा, अंगणातली घोळ पुन्हा काढायला आली आहे. घरातला घोळ मात्र मला एकट्याला निस्तरवत नाही. 'ली' आणि 'ला' दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवा. निपाणीत गोंगाट नसतो.