सोफा, सोफा, दिवाण, सोफा

१९ जाने., रवि.
आठलाच उल्हासनगरला पोचले. फर्निचर बाजार अजून बंद. मोटवानी अंकलच्या शोरूमचं शटर अर्धं वर, वाकून आत. पहिल्या मजल्यावर नेहमीचे तीसेक लोक विकायच्या सोफ्यांवर बसलेले. प्लॅस्टिकची कव्हरं काढायची नाहीत हा अंकलचा नियम, त्यामुळे कुणी जरा हललं की करकर. महिन्याचा तिसरा रविवार, साडेआठ ते साडेदहा, गिऱ्हाईक यायच्या आत जॅझ. मधे नाश्त्याला दालपकवान. अंकल पियानोवर, कुणाल ड्रमवर, भोईर सॅक्सोफोनवर, माइकपाशी मी.

वहीतलं ७ नं. गायले. जुनं, इंग्रजी, अगदी संथ. आवाज मस्त लागला. मधे भोईरचा सोलो. असा काही रंगला होता की मला राहवेना. सम आली आणि मी मुखडा उचलला. टाळ्याही पडल्या.

मग बघते तर भोईर सॅक्स पुसतोय. पेटीत ठेवली. दालपकवान नको म्हणाला. आज त्याची बायको आली होती, हिरवी जरीची साडी नेसून. तीही त्याच्या मागोमाग जिना उतरली. कुठे लग्नात बँड वाजवायची सुपारी असेल.

२० जाने., सोम.
सुपारीबिपारी काही नव्हती. दुपारी रंगाच्या कंपनीत, लॅबमध्ये असताना अंकलचा फोन. भोईर यापुढे येणार नाही म्हणतोय. का, तर मी त्याला अर्ध्यात तोडलं. त्याचा सोलो बत्तीस-बत्तीस मात्रांच्या चार भागांचा होता आणि मी दोनच भागांनंतर घुसले. पुढच्या भागात सूर बदलतात, मी मात्र पहिलीच ओळ गात सुटले. अंकलनी पियानो कसाबसा माझ्यामागे वळवला. टाळ्या देणाऱ्यांना कळलं नाही. मलाही नाही.

मी म्हटलं, अंकल, मेन गायक मी आहे ना? तर म्हणाले, "इधर कोई मेन नहीं है, बेटी. जिसकी बारी, वो मेन."

रंगाचे डबे तपासताना तीच शेड दोनदा पास केली.

२२ जाने., बुध.
भोईर फोन उचलत नाही. तीनदा केला. आता मलाही राग आलाय. वीस वर्षं अंबरनाथला बाईंकडे गाणं शिकले. बैठकीत गाणाऱ्याने मुखडा घेतला की पेटीवाला आवरतं घेतो. तो काय घरी निघून जातो का? उलट खूश होतो, वा म्हणतो. मी काय चोरी केली?

जेवताना विलासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्या भोईरचं मला कळतं. लग्न झाल्यापासून तीस वर्षं मीही अर्ध्यातच आहे." आणि शांतपणे आमटी ओरपत बसला. झोपताना वाटलं, हसायला हवं होतं.

२६ जाने., रवि.
स्कूटर काढून जांभूळला गेले. शाळेचं झेंडावंदन नुकतंच उरकलेलं, पोरं हातात चॉकलेट घेऊन परतत होती. भोईरचं घर पाण्याच्या प्लँटच्या रस्त्याला, तिथेच नोकरी आहे त्याची. अंगणात बँडचे लाल कोट वाळत घातलेले.

चहा झाला. भोईर अगदी नीट बोलला, त्याचंच जास्त लागलं. मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, राग नाय. मग कोटांकडे बघत म्हणाला, "तीस वरसां झाली ताई, लग्नान वाजवतंय. नवरा मांडवान शिरला का वाजाप बंद. एक पन गाना पुरा झाला नाय. शोरूमला पुरा व्हायचा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि नशीब, मिटलं.

वहिनी गेटपर्यंत आल्या. एवढ्या वर्षांत नवऱ्याचं वाजवणं त्यांनी बसून कधी ऐकलं नव्हतं. लोकांच्या लग्नात बँडच्या मागे त्या कशा हिंडणार. त्या दिवशी पहिल्यांदा आल्या होत्या. साडी लेकीने दिलेली.

येताना सोनिवलीच्या वळणावर स्कूटर बाजूला घेतली आणि रडले. फार नाही. पण स्वतःची लाज वाटली, आणि ती लिहून ठेवायला हवी.

२७ जाने., सोम.
ठरलं. भोईर परत वाजवणार, आणि मी त्याला पुरं वाजवू देणार. दुसरं आधी शिकायचं. पहिल्याचं माझ्या हातात नाही.

३० जाने., गुरु.
ऑफिसातून थेट शोरूम. अंकलना म्हटलं, मला पहिलीपासून शिकवा. दोन वर्षांपूर्वी इथे सोफा घ्यायला आले होते, वरून पियानो ऐकू आला आणि वर चढले. तेव्हापासून फक्त गातेय. बाकीचे काय करतात हे कधी विचारलंच नाही!

अंकल मला मजल्यावर हिंडवत म्हणाले, एक चाल आठ मापांची, हा सोफा. तीच परत, हा दुसरा सोफा, सेम टू सेम. मग वेगळी चाल, हा दिवाण. मग परत पहिली, सोफा. गाणं असंच फिरत राहतं, सोलोतसुद्धा. कुणासाठी थांबत नाही. "तू दीवान पे चढ़ गई थी सोफा समझ के."

घरी येऊन मांडलं. एक माप चार मात्रांचं. एक सोफा म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. अख्खी फेरी आठ आवर्तनं. पाचव्यावर दिवाण सुरू. म्हणजे बोटांवर मावतंय. एवढं सोपं होतं तर.

५ फेब्रु., बुध.
सोपं नाहीये. आठ आवर्तनं, संथ लयीत दोन मिनिटांच्या वर. गप्प उभं राहून बघावं कुणीही. सम आली की घसा आपोआप उघडतो. लॅबमध्ये डब्यातला रंग मशीनवर हलत असतो तेवढ्यात मोजते. शेजारची शिल्पा म्हणाली, मॅडम, जप करताय का? हो म्हटलं.

९ फेब्रु., रवि.
अंकलबरोबर सराव. त्यांनी सोलो वाजवायचा, मी थांबायचं. दोनदा मधेच घुसले, एकदा तर परत दिवाणावरच. अंकलनी हात उचलले, डब्यातून खडीसाखरेचा मोठा खडा काढला आणि म्हणाले, तोंडात धर, चावायचा नाही. तिसऱ्या वेळी निभावलं. चौथ्या वेळी खडा विरघळला आणि तरीही निभावलं.

एक गोष्ट लक्षात आली. मोजत असताना मी ऐकत नव्हते. अंकलनी काय वाजवलं, विचाराल तर सांगता येणार नाही. आधीही ऐकत नव्हते बहुधा. माझ्या येण्याची वाट बघत होते.

१२ फेब्रु., बुध.
अंकलना फोन करून सांगितलं, भोईर येईपर्यंत मी गाणार नाही, तसा निरोप त्याला द्या. मला वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "ये भी तू ही बोल रही है, बेटी. वो कहाँ बोला?"

चिडून फोन ठेवला. भाजी करपली. रात्री कबूल केलं मनाशी. न गाऊनही पुन्हा सगळं माझ्याभोवतीच फिरवत होते, त्याच्या डोक्यावर ओझं टाकून.

मग गायचंच. पण त्याची जागा त्याचीच राहील.

१६ फेब्रु., रवि.
आज केलं.

अंकल आणि कुणालशी आधीच बोलले होते. ७ नं. माझं गाऊन झालं. सोलोची वेळ आली. कुणी सोलो घ्यायचा नाही. अंकलनी फक्त खालचे सूर धरले, कुणालने ड्रमवर ब्रश हलके फिरवले, मी माइकपासून एक पाऊल मागे. भोईरच्या रिकाम्या खुर्चीच्या बाजूला.

पहिल्या सोफ्याला लोकांना वाटलं, मी ओळी विसरले. एका बाईंनी खुणेनं विचारलं, पाणी हवं का. दुसऱ्या सोफ्याला मागून कुणीतरी संपलं समजून टाळ्या सुरू केल्या, दोघाचौघांनी दिल्या, विरल्या. सोफ्यांची करकर. माझ्या कानशिलांना घाम. दिवाण आला. इथेच तोडलं होतं त्याला. पाचवं आवर्तन, सहावं. घसा उघडला नाही. शेवटचा सोफा. मग मी आत आले, बरोब्बर जागेवर.

दालपकवान खाताना एक गृहस्थ एवढंच म्हणाले, आज मधे काहीतरी कमी पडत होतं. म्हटलं, हो.

मला आजचं माझं गाणं आवडलं. गेल्या महिन्यापेक्षा जास्त.

१७ फेब्रु., सोम.
भोईरचा फोन नाही. येईल असं का वाटलं होतं, देव जाणे.

२ मार्च, रवि.
विलासच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न, बदलापूर पूर्वेला. हॉलच्या गेटवर लाल कोटवाले, आणि त्यात भोईर. उन्हात, गळ्यात सॅक्स. चाल ऐन वर चढलेली, त्याचे डोळे मिटलेले, तेवढ्यात नवरा गेटातून आत गेला. मुलाच्या मामाने हात वर केला. बस. ढोल थांबले, भोईरचा सूर अर्धाच हवेत राहिला. त्याने सॅक्स खाली घेतली, रुमालाने मान पुसली. रोजचंच असावं.

मग मी दिसले. तोंडाशी दहा वाक्यं आली. सांगणार होते, गेल्या महिन्यात तुमची जागा ठेवली होती, या महिन्यातही ठेवणार. हात जोडले फक्त. त्यानेही जोडले. आत जाऊन अक्षता टाकल्या.

विलास म्हणाला, बोलली का नाहीस त्याच्याशी? म्हटलं, त्याचं अजून चालू होतं. मग विलासने त्या सहकाऱ्याची नेहमीची लांबलचक गोष्ट सांगितली, पंपाच्या बिघाडाची. पहिल्यांदाच शेवट कळला. चांगला होता.

१५ मार्च, शनि.
धुळवडीचा रंग अजून नखांत आहे. विलासच्या कानामागेही.

उद्या पुन्हा ७ नं., पुन्हा रिकामी फेरी. अंकलनी विचारलं, कितने महीने? म्हटलं, लोक कंटाळून यायचे बंद झाले तरी. ते हसले. म्हणाले, दुकान मेरा है, भूल मत.

भीती आहे. हे नाटक वाटेल, माझी हौस वाटेल. वाटू दे. मला ती दोन मिनिटं आता गाण्याइतकीच हवीशी वाटतात.

१६ मार्च, रवि.
आजच लिहून ठेवते.

साडेनऊला ७ नं. सुरू केलं. दुसऱ्या ओळीला जिन्यावर हिरवी साडी दिसली. मागे भोईर, बँडच्या लाल कोटात. कल्याणला दुपारची सुपारी होती म्हणे. दोघं अगदी मागच्या सोफ्यावर बसले. सॅक्सची पेटी त्याच्या मांडीवर, बंद. मी गात राहिले. त्याच्याकडे बघून हसावं का, काही कळेना, नाही हसले.

माझं झालं. मागे सरले. रिकामी फेरी सुरू. पहिला सोफा. एक आवर्तन, दोन. दुसरा सोफा. पेटीचा खटका ऐकू आला. मी वळले नाही. प्लॅस्टिक करकरलं, पावलं आली. चौथं आवर्तन संपलं आणि दिवाणाच्या पहिल्या मात्रेवर त्याने सूर लावला. जिथे मी तोडलं होतं, तिथूनच.

दिवाण झाला. शेवटचा सोफा झाला. माझी जागा आली, अंकलनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. भोईरचे डोळे मिटलेले, तो थांबत नव्हता. मी मान हलवली, नाही. मग तो पुन्हा पहिल्यापासून निघाला. अख्खी फेरी. मोजणं कधी सुटलं कळलंच नाही. अगदी हळू, काही जागा खरखरीत, एका जागी तर लग्नातली सनई वाटावी असं काहीतरी, आणि ते तिथे बसलं. शेवटही त्यानेच घेतला, लांब, श्वास पुरेपर्यंत. अंकल आणि कुणाल त्याच्याबरोबर थांबले. टाळ्या पडल्या त्या सूर पुरता विरल्यावर.

त्याने सॅक्स पुसली, पेटीत ठेवली, घड्याळ बघितलं. एप्रिलचा तिसरा रविवार ऐन लगीनसराईतला आहे, अंकलनी विचारलं तर म्हणाला, बघू. कल्याणची वेळ झाली होती, गेला.

वहिनी मात्र थांबल्या. दालपकवानची ताटली हातात, प्लॅस्टिकच्या सोफ्यावर नीट मांडी घालून. मी शेजारी जाऊन बसले. त्यांनी पकवानाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"आज तुमचाच गाना रायला ना ताई, अर्धा," म्हणाल्या.

हो म्हटलं.