बेहड्याच्या मुळावरची वाटी

मढ, २० एप्रिल

चि. अक्षदास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलवत नाही, म्हणून लिहिते. तू झाडांच्या सर्वेला येऊन देवराईतल्या बेहड्यावर धोक्याचा लाल पट्टा मारून गेलीस, तेव्हापासून गावात तुझंच नाव आहे. सरपंच हौशीरामभाऊ म्हणाले, देवराईतली काडी कुणी मोडली न्हाई, वाऱ्याचं भविष्य सांगायला पोरगी पोपट घेऊन आली व्हती का. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण बेहड्याखाली अंगणवाडी भरते. तो खरंच पडेल का? तुझे काका झाडाखाली सापडून गेल्यापासून मी वाऱ्याला भिते, त्यामुळे माझा माझ्यावरच भरवसा नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहे, ती राहू दे.

तुझी लंकामावशी

घोडेगाव, २७ एप्रिल

ती. मावशीस, सा. न.

कधी पडेल ते सांगता येत नाही, पण आधी कोणतं पडेल ते सांगता येतं. कडेची झाडं लहानपणापासून वारा सोसतात, मुळं घट्ट रोवतात. आतली त्यांच्या आडोशानं उंच होतात, पण त्यांची मुळं सैल राहतात. तुमच्या देवराईची पश्चिमेची कड कुणीतरी तोडली आहे. कुणी, ते गावात कुणी सांगत नाही. बेहड्याच्या पश्चिमेकडच्या मुळावर पाण्यानं काठोकाठ वाटी भरून ठेव. वाऱ्यात सांडली, तर मूळ उचलतंय. पोपट पुढच्या खेपेस आणते.

लोभ ठेव.

अक्षदा

मढ, १६ मे

चि. अक्षदास, आशीर्वाद.

वाटी तीनदा सांडली. ग्रामसभेत सांगितलं, तर हौशीरामभाऊ म्हणाले, माकडानं सांडली आसंल. मग मी उभी राहिले. म्हटलं, ती कड आमच्या ह्यांनी तोडली, जत्रेच्या गाड्या लावायला. तोडणाऱ्यांच्या भाकरी मीच नेल्या. दुसऱ्याच पावसाळ्यात आतली जांभूळ त्यांच्यावर पडली. देवानं सेवेतून नेलं, असं तुम्ही पाटीवर कोरलंत. देवानं नाही नेलं. आडोसा आपण काढला.

हौशीरामभाऊंनी बेहडा उतरवायचा ठराव लिहायला घेतला. बाहेर आल्यावर जाऊबाई, सोनीबाई, म्हणाल्या, मेलेल्या माणसाला चारचौघांत कशाला उभं केलंस.

काल बेहडा फांदी फांदी करून उतरवला. देवाचं लाकूड घरी न्यायचं नाही, म्हणून खोड तिथंच आहे. गाड्यांच्या जागेत करवंदी, आंजनी अशी दाट झाडं लावायचं ठरलंय. आडोसा व्हायला वीस वर्षं लागतील म्हणतात. तोवर आतल्या झाडांपाशी वाटी मी ठेवीन. ह्यांची पाटीही रोज पुसते, सोनीबाई माझ्याशी बोलत नसल्या तरी.

ये एकदा. माया कमी करू नकोस.

लंकामावशी