डावीकडची वीट

ब्रॉन्स्टन, कालव्याकाठी
४ जून १९८४

ती. किझीताईस,
रूबेनचा स. न. वि. वि.

ताई, बसली आहेस ना? मी बोट घेतली. माझी ईडी वारल्यापासून आमचं दोघांचं ते घर मला खायला उठायचं, शेवटी विकून टाकलं. बोट म्हणजे कोळसा वाहणारं जुनं लोखंडी धूड आहे. सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद, आईबाबांच्या ज्या बोटीवर आपण वाढलो तसंच. आतून मात्र रिकामी. डेस्मंड नावाचा सुतार लावला आहे. कामाला चांगला, पण सगळा जन्म जमिनीवर गेलेला.

स्वयंपाकघर मधोमध करावं असं माझ्या मनात आहे. इंजिन मागे, पाण्याची टाकी पुढच्या टोकाला आणि मध्ये चूल, ओटा, म्हणजे वजन सारखं बसेल. तुला काय वाटतं?

आणि खरी गोष्ट ही, की झोपायची सोय दोघांची करतो आहे. तुझ्या सुनेनं, मॅव्हिसनं, वृद्धाश्रमाचं कळवलं. सप्टेंबरात खोली रिकामी होते म्हणे. त्याआधी तू इकडे ये. कायमची ये.

लोभ आहेच, तो कलू देऊ नये.
तुझा,
रूबेन

*

रग्बी, ११ जून

चि. रूबेन यास,
अ. उ. आ.

मधोमध स्वयंपाकघर? हॉटेल काढतो आहेस का? अरे, सुकाणूवरच्या माणसानं चहासाठी बोट थांबवून आत चालत जायचं? आईची चूल मागच्या दारातून उतरलं की लगेच डावीकडे होती. बाबा वरून नुसता हात खाली सोडायचे आणि आई त्या हातात चहाचा मग द्यायची. दोघांनी तेव्हा एकमेकांकडे पाहिलेलं मला आठवत नाही, पण चहा कधी सांडला नाही. तेव्हा चूल मागेच, डावीकडे. मागचं टोक पाण्यात बसेल म्हणशील, तर कोळशाच्या गोण्या आणि तुझी हत्यारांची पेटी पुढे ने. तोल बघायचा तो टाकी भरून एकदा आणि रिकामी करून एकदा. पाणी संपत आलं की बोटीचं नाक वर येतं, विसरलास वाटतं!

माल उतरवून रिकामी बोट परत निघाली की चुलीच्या वजनानं ती डावीकडे झुकायची. मग बाबा मला समोरच्या उजव्या बाकावर बसवायचे आणि वरून ओरडून विचारायचे, वीट बसली का म्हणून. तोलाची वीट म्हणजे मी. मी बसली म्हटल्याशिवाय काठावरून बोट ओढणारा घोडा हलायचा नाही. मला केवढा अभिमान वाटायचा! तू तेव्हा पाळण्यात होतास, तुझं वजन कुणी धरत नव्हतं.

माझं येणं सोड. खुबा कामातून गेला आहे. आता कुणावर ओझं व्हायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

लोभ धर, राग गिळ.
तुझी,
किझी

*

ब्रॉन्स्टन, २६ ऑगस्ट

ती. किझीताईस,
स. न. वि. वि.

घोटाळा झाला. तुझं ऐकून चूल मागे डावीकडे घ्यायची ठरवली. तिच्या वजनाला जोड म्हणून उजव्या बाजूला बोटीच्या तळाशी भाजक्या निळ्या विटा रचल्या, वर फळ्या ठोकल्या. डेस्मंडला बजावलं की चूल, ओटा, मोरी सगळं मागे, डावीकडे. मग डोळे दाखवायला दवाखान्यात गेलो, तर त्यांनी ठेवूनच घेतलं.

परत येऊन पाहतो तर बिडाची चूल, दगडी मोरी, ओकचा ओटा, सगळं उजवीकडे! मी आकाशपाताळ एक केलं. तो शांतपणे म्हणाला की डावीकडेच तर केलंय. ताई, तो पुढच्या दारानं आत येतो! तिथून चालत मागे जातो, म्हणून त्याची डावी ती आपली उजवी. पुढून कुणी बोटीत शिरत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपल्या लोकांना डावी एकच, सुकाणूवर उभं राहून पुढे बघताना असते ती.

आता विटाही उजवीकडे आणि चूलही. सकाळी अंडं फोडलं तर तव्याच्या उजव्या कडेला पळालं. डेस्मंड म्हणतो, सगळं उपटून पुन्हा लावू, पण मोरीचा दगड फुटेल.

काल सुकाणूवर उभा होतो. सवयीनं डावा हात खाली सोडला. बराच वेळ तसाच धरला होता. मला रडू आलं, ताई. तुला सांगायला कसली लाज!

तुझा,
रूबेन

*

रग्बी, २ सप्टेंबर

चि. रूबेन यास,
अ. उ. आ.

डेस्मंडचं वाचून इतकी हसले की मॅव्हिस धावत आली. तुझा हात वाचून मात्र हसू गेलं.

काही उपटू नकोस. फळ्या काढ आणि विटा डावीकडे ने. चूल आहे तिथे राहू दे.

मी खोली बघून आले. स्वच्छ आहे, खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. पलंग भिंतीला पक्का ठोकलेला. सगळं इतकं स्थिर, की मला तिथे झोप यायची नाही. पण मॅव्हिसला बोल लावू नकोस. नोकरी, मुलं आणि त्यात मी, तिनं तरी किती करावं? शुक्रवारी होकार कळवायचा आहे. कळवीन. माझं ओझं उचलायला तिथे पगारी माणसं आहेत.

लोभ असावा, काळजी नसावी.
तुझी,
किझी

*

ब्रॉन्स्टन, ४ सप्टेंबर

ती. किझीताईस,
स. न. वि. वि.

घाईत लिहितो, शुक्रवारच्या आत पोचायला हवं. विटा डावीकडे नेल्या. टाकी भरून पाहिलं, रिकामी करून पाहिलं. अंडं अजून बोटभर उजवीकडे सरकतं. आणखी विटा काठावर पडल्या आहेत, पण मी घालत नाही. तेवढी जागा तुझी.

चुलीसमोर डावीकडे बाक केला आहे. तिथून तुझा हात चुलीपर्यंत पोचतो आणि माझ्या खाली सोडलेल्या हातापर्यंतही. डेस्मंड चुकला म्हणून तू आईच्या जागेवर येतेस, बघ.

ओझं ओझं काय लावलं आहेस? बोटीवर ओझं कधी वाईट असतं का? चुकीच्या बाजूला असलं तर वाईट. तू चुकीच्या बाजूला चालली आहेस.

वाट पाहतो.
तुझा,
रूबेन

*

रग्बी, शुक्रवार, ७ सप्टेंबर

चि. रूबेन यास,
अ. उ. आ.

मॅव्हिसनं फोन लावून दिला आणि मी त्यांना सांगितलं की खोली दुसऱ्या कुणाला द्या. मॅव्हिस आधी रडली, मग माझे लोकरी मोजे शोधायला लागली. पुढच्या रविवारी मुलगा गाडीनं आणून सोडेल. पायऱ्यांपाशी धरायला दांडा ठोकून ठेव. मी मागच्याच दारानं उतरणार, पुढच्या दारानं मेले तरी नाही.

माझं वजन वाढलं आहे, तेव्हा आधी घातलेल्या विटांतल्या थोड्या काढाव्या लागतील. आणि बोट सोडण्यापूर्वी बाबांसारखं वरून ओरडून विचार. उत्तर तयार आहे.

लोभ असू दे, दोन्ही बाजूंनी सारखा.
तुझी,
वीट